तिचं गाणं थांबवलं तेव्हा...

मैत्रिणींनो, बाईला शिक्षा करायची म्हटलं तर त्याचे शंभर प्रकार आपल्याला पाठ आहेत. तिला माहेरी पाठवता येतं, तिच्या हातातले पैसे काढून घेता येतात, घरात असूनही तिच्याशी बोलणं टाकता येतं. पण इ.स. ११७८ मध्ये जर्मनीतल्या एका ऐंशी वर्षांच्या बाईला आणि तिच्या मठातल्या सगळ्या नन्सना जी शिक्षा झाली, ती वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटूनच ठेवलं. शिक्षा काय, तर आजपासून तुम्ही गायचं नाही. देवळातली घंटा वाजवायची नाही. प्रार्थना म्हणायचीच असेल तर दारं लावून, हळू आवाजात पुटपुटायची.

या बाईचं नाव हिल्डेगार्ड. बिंगेन गावाजवळ तिचा मठ होता म्हणून जग तिला बिंगेनची हिल्डेगार्ड म्हणतं. मी ख्रिस्ती नाही आणि चर्चच्या संगीतातलं मला फारसं कळतं असंही नाही. वस्तीतल्या बचत गटाच्या कामात एका सिस्टरशी ओळख झाली, तिच्या तोंडून हे नाव पहिल्यांदा ऐकलं. मग तिनंच एक सीडी दिली, मी लायब्ररीतून पुस्तकं आणली, आणि बघता बघता या बाईनं मला धरूनच ठेवलं. आठशे वर्षांपूर्वी गेलेली बाई, पण तिच्या काळज्या आपल्या ओळखीच्या निघाल्या. जागा मिळत नाही, पैसे अडकलेत, वरचे साहेब ऐकत नाहीत, जिला मुलीसारखं वाढवलं ती सोडून निघालीय... आणि या सगळ्यात गाणं.

हिल्डेगार्डचा जन्म १०९८ चा, ऱ्हाईन नदीच्या परिसरातल्या एका सरदार घराण्यातला. आईवडिलांचं ती दहावं मूल, असं सांगतात. त्या काळी पिकाचा दहावा भाग चर्चला द्यायची रीत होती. दहावं लेकरूही देवाला वाहायचं ठरलं. आपल्याकडं नवसानं मुली देवाला सोडल्या जात, त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. दोन्हींत फरक खूप आहे, पण लहानग्या मुलीला कुणी विचारलं नाही, हे दोन्हीकडं सारखंच.

आठव्या वर्षी तिला युट्टा नावाच्या एका मुलीच्या हाती सोपवलं. युट्टाही सरदाराचीच लेक, हिल्डेगार्डपेक्षा सहा वर्षांनी मोठी, आणि संसार न करता देवाच्या भक्तीत राहायचं तिनं ठरवलेलं. १ नोव्हेंबर १११२ या दिवशी या दोघींना डिझिबोडेनबर्ग इथल्या पुरुषांच्या मठाला लागून असलेल्या खोलीत विधिपूर्वक बंद केलं गेलं. बंद म्हणजे खरोखर बंद. हा विधी अंत्यविधीच्या धर्तीवर व्हायचा, कारण आत जाणारी बाई जगाला मेली असं मानत. जेवण आत यायला एक खिडकी तेवढी. युट्टा वीस वर्षांची, हिल्डेगार्ड चौदाची.

या खोलीत तिचं शिक्षण झालं. शिक्षण म्हणजे काय, तर बायबलमधली दीडशे स्तोत्रं, आणि ती म्हणताना साथीला दहा तारांचं एक छोटं वाद्य. पण एवढ्यावरून ते थोडं समजू नका. संत बेनेडिक्टच्या नियमानं चालणाऱ्या मठांत ही दीडशेच्या दीडशे स्तोत्रं दर आठवड्याला गाऊन पूर्ण करायची असतात. आपल्याकडं मोठ्या देवळांत काकडआरतीपासून शेजारतीपर्यंत देवाचा दिवस जसा बांधलेला असतो ना, तसाच मठाचाही दिवस बांधलेला. रात्री सगळं जग झोपलेलं असताना एक प्रार्थना, पहाटे दुसरी, मग दिवस उजाडल्यावर, सकाळी, दुपारी, तिसऱ्या प्रहरी, संध्याकाळी दिवे लागताना आणि झोपण्याआधी. दिवसरात्र मिळून आठ वेळा. समोरासमोर दोन रांगा करून उभं राहायचं, एक ओळ या रांगेनं म्हणायची, पुढची त्या रांगेनं. स्तोत्राच्या आधी आणि नंतर एक छोटं पद गायचं, त्याला अँटिफन म्हणतात. धर्मग्रंथातला उतारा वाचून झाला की एकटीनं एक ओळ गायची, मग सगळ्यांनी तिला उत्तर द्यायचं. त्याला रिस्पॉन्सरी म्हणतात. आपल्या भजनात बुवा एक चरण म्हणतात आणि टाळकरी तो उचलून धरतात, तसंच थोडंसं.

कुठल्या सणाला कुठलं पद, कुठल्या संताच्या दिवशी कुठली चाल, याची भलीमोठी हस्तलिखित पुस्तकं असत. स्तोत्रांचं वेगळं, दिवसभराच्या प्रार्थनांतल्या पदांचं वेगळं, मिस्साच्या गाण्यांचं वेगळं. कातड्याच्या पानांवर, हातानं लिहिलेली. छपाई अजून तीनशे वर्षं दूर होती. त्यामुळं निम्मं काम पाठांतरावर. आपल्या आज्यांना जात्यावरच्या शेकडो ओव्या तोंडपाठ असत, तशीच या बायकांना स्तोत्रं.

११३६ मध्ये युट्टा गेली. वय अवघं चव्वेचाळीस. तिला आंघोळ घालून शेवटची तयारी करण्याचं काम हिल्डेगार्डकडं आलं, तेव्हा दिसलं की युट्टानं अंगावर कपड्यांच्या आत साखळी घातलेली होती आणि तिचे व्रण शरीरात खोल रुतले होते. कडक उपास, थंडीत अनवाणी चालणं, देहाला होईल तेवढा त्रास देणं... यालाच तेव्हा मोठी भक्ती समजत. एव्हाना त्या खोलीचा छोटासा मठ झाला होता, सरदारांच्या आणखी मुली आल्या होत्या. त्यांनी हिल्डेगार्डला आपली प्रमुख निवडलं. पुढं आयुष्यभर तिनं आपल्या मुलींना आणि पत्र लिहिणाऱ्या इतर मठांतल्या बायकांनाही एकच सांगितलं. अति करू नका, शरीराला उपाशी मारून आत्मा मोठा होत नाही. हे तिला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नसावं, युट्टाचा तो देह पाहून ती शिकली असणार, असं आपलं मला वाटतं.

लहानपणापासून हिल्डेगार्डला काही दिसायचं. झोपेत नाही, जागेपणी, डोळे उघडे असताना. एक विलक्षण प्रकाश आणि त्यात चित्रं. लहानपणी इतरांनाही असंच दिसत असेल समजून ती बोलून गेली होती, पण लोकांच्या चेहऱ्यांवरून तिला कळलं की हे बोलायचं नसतं. मग ती गप्प राहिली. वर्षानुवर्षं गप्प. ११४१ मध्ये, बेचाळीस वर्षं सात महिन्यांची असताना, जे दिसतं ते लिहून काढ अशी आज्ञा तिला झाली, असं ती सांगते. तिनं लिहायचं टाळलं आणि आजारी पडली. लिहायला बसली आणि उठून उभी राहिली. (आजच्या काही डॉक्टरांच्या मते तो प्रकाश तीव्र अर्धशिशीचा असावा. असेलही! पण अर्धशिशी अनेकींना होते, त्यातून ग्रंथ सगळ्यांच्या हातून होत नाहीत.)

बेचाळिसाव्या वर्षी लिहायला सुरुवात! आपल्यातल्या किती जणी या वयात आता काय राहिलं म्हणून हात झटकतात. हिल्डेगार्डचं सगळं काम यानंतरचं आहे. तिचं लॅटिन व्याकरणात कच्चं होतं, कारण मुलांना मिळायचं तसं शाळेतलं शिक्षण तिला मिळालंच नव्हतं. फोलमार नावाच्या एका वयस्क साधूनं तिचं लिखाण तपासायचं काम घेतलं. तो व्याकरण सुधारायचा, मजकुराला हात लावायचा नाही. ११७३ मध्ये तो वारला तोवर त्याची साथ होती. ‘स्किवियास’ हा पहिला ग्रंथ पुरा व्हायला दहा वर्षं लागली. तो अर्धवट असतानाच, ११४७-४८ च्या हिवाळ्यात, ट्रियर शहरात भरलेल्या धर्मसभेत पोप युजीन तिसरे यांच्यापुढं त्यातला भाग वाचला गेला आणि त्यांनी लिहीत राहायला परवानगी दिली. बाईनं धर्मावर लिहायचं आणि त्याला खुद्द पोपनं मान्यता द्यायची, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

नाव झालं तशा मठात येणाऱ्या मुली वाढल्या, जागा पुरेना. हिल्डेगार्डनं ठरवलं, आपला वेगळा मठ काढायचा, ऱ्हाईनच्या काठी रूपर्ट्सबर्गला. पुरुषांच्या मठाचे प्रमुख कूनो यांनी साफ नकार दिला. का देणार नाहीत? हिल्डेगार्डच्या नावामुळं यात्रेकरू येत, देणग्या येत. शिवाय या मुलींनी घरून आणलेली जमीन आणि पैसा पुरुषांच्या मठाच्या ताब्यात होता. नकार ऐकला आणि हिल्डेगार्ड अंथरुणाला खिळली. नुसती आजारी नाही, दगडासारखी जड झाली, असं तिच्या चरित्रात लिहिलंय. कूनोंनी स्वतः येऊन तिला उचलायचा प्रयत्न केला, ती हलेना. शेवटी त्यांनी होकार दिला आणि बाईंच्या अंगात बळ आलं! हसू येतं वाचताना. पण ज्या बाईला कागदोपत्री काहीच अधिकार नाही, तिच्याकडं हत्यार म्हणून स्वतःच्या शरीराशिवाय असतं तरी काय?

११५० च्या सुमारास वीसेक नन्सना घेऊन ती रूपर्ट्सबर्गला आली. तिथं काय होतं? पडकी भिंत, रान आणि गैरसोयी. महालांत वाढलेल्या मुलींना हे झेपेना. काही जणी कुरकुरल्या, काही सोडून गेल्या. मुलींच्या हुंड्याचा पैसा परत मिळवायला हिल्डेगार्डला स्वतः डिझिबोडेनबर्गला जाऊन भांडावं लागलं. पण तिनं मठ उभा केला. पुढं तिथं पन्नास नन्स राहत आणि कामाच्या जागांपर्यंत नळानं पाणी आणलेलं होतं. बाराव्या शतकात नळाचं पाणी! आमच्या वस्तीत एका नळासाठी बायकांनी किती खेटे घातले ते मी पाहिलंय, म्हणून मला या नळाचं कौतुक ग्रंथांइतकंच वाटतं.

याच काळात तिला दुसरा घाव बसला. रिकार्डिस नावाची तरुण नन तिची सगळ्यात लाडकी. ग्रंथलेखनात तिनं हिल्डेगार्डला साथ दिली होती. ११५१ मध्ये रिकार्डिसची दुसऱ्या मठाची प्रमुख म्हणून निवड झाली. तिचा भाऊ ब्रेमेनचा आर्चबिशप, घराण्याचं वजन मोठं. हिल्डेगार्डनं तिला थांबवण्यासाठी आकाशपाताळ एक केलं. आईला लिहिलं, भावाला लिहिलं, थेट पोपना लिहिलं. काही उपयोग झाला नाही. रिकार्डिस गेली आणि पुढच्याच वर्षी वारली. शेवटी तिला परत यायचं होतं, असं भावानं कळवलं. हिल्डेगार्डची ती पत्रं म्हणजे संताची पत्रं नाहीत. लेक दुरावलेल्या आईची आहेत ती, हट्टी, रागावलेली, थोडी स्वार्थीसुद्धा. मला ती तिथंच जास्त जवळची वाटली.

आता तिच्या गाण्याकडं येऊ. मठातल्या त्या आठ वेळच्या उपासनेसाठी हिल्डेगार्ड स्वतः पदं रचू लागली. शब्द तिचे, चालीही तिच्याच. अशी सुमारे ७७ गाणी आज आपल्याकडं आहेत. अँटिफन आहेत, रिस्पॉन्सरी आहेत, मिस्साच्या वेळी शुभवर्तमानाच्या आधी गायची लांबलचक सीक्वेन्स आहेत. त्या काळातले बहुतेक रचनाकार निनावी राहिले. नावानिशी आणि इतक्या संख्येनं ज्यांची गाणी टिकली, अशांमध्ये ही बाई आहे! आपल्याकडं महदंबेनं धवळे रचले ते तेराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे ही तिच्याही शंभर वर्षं आधीची.

तिच्या चाली इतरांसारख्या नाहीत, हे माझ्यासारख्या अडाणी कानालाही कळतं. चर्चची जुनी गाणी साधारणपणे थोड्या स्वरांत, शांतपणे फिरतात. हिल्डेगार्डचं गाणं खालून एकदम झेप घेतं. षड्जावरून थेट पंचमावर, तिथून वरच्या षड्जावर आणि कधी त्याच्याही पलीकडं. एकेका अक्षरावर स्वरांची लांबच लांब वेल चढत जाते. वेल म्हटलं ते उगाच नाही. हिरवेपण हा तिचा आवडता शब्द. देवाची शक्ती म्हणजे तिच्या लेखी झाडाच्या आतून वाहणारा हिरवा रस. मेरीमातेवरच्या तिच्या पदांत मेरी म्हणजे पालवी फुटलेली हिरवी फांदी. कोरडेपणा म्हणजे पाप. दुष्काळात होरपळलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

नन्ससाठी तिनं एक संगीतनाटकही लिहिलं. त्यात एक जीव भरकटतो आणि सगळे सद्गुण मिळून त्याला परत आणतात. सगळी पात्रं गातात, फक्त सैतान गात नाही. तो नुसता ओरडतो. त्याला तिनं सूर दिलाच नाही! पुढं तिच्याच आयुष्यात जे घडलं, ते समजायला ही गोष्ट लक्षात ठेवा.

तिचं सगळंच मला पटतं असं नाही. सणाच्या दिवशी तिच्या नन्स मोकळे केस सोडून, पांढरे रेशमी पदर आणि डोक्यावर मुकुट घालून गायला उभ्या राहत. दुसऱ्या एका मठाच्या प्रमुख बाईंनी पत्र लिहून यावर बोट ठेवलं आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न विचारला, तुमच्या मठात फक्त उच्च कुळातल्याच मुली का? येशूनं तर कोळ्यांना, गरिबांना जवळ केलं होतं. हिल्डेगार्डचं उत्तर असं, की एकाच गोठ्यात बैल, गाढवं, मेंढरं, शेळ्या कुणी कोंबत नाही. हे वाचून मन खट्टू झालं. जातीची उतरंड ज्यांच्या अंगवळणी पडली आहे त्या आपण तिला नावं ठेवायला तोंड कुठून आणायचं, हा प्रश्न आहेच. पण प्रश्न विचारणारी ती दुसरी बाईही त्याच शतकातली होती, हे विसरायला नको.

साठीनंतर हिल्डेगार्ड प्रवासाला निघाली. नदीनं, रस्त्यानं, मठामठांतून. ११६० मध्ये ट्रियरमध्ये तिनं जाहीर प्रवचन केलं. कोलोनमधल्या धर्मगुरूंना त्यांच्या आळसाबद्दल खडसावलं. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसानं ११६३ मध्ये तिच्या मठाला संरक्षणाचं पत्र दिलं. पण तोच सम्राट आपल्या मर्जीतले पोप बसवू लागला, तेव्हा तिनं त्यालाही कडक शब्दांत लिहिलं. ११६५ मध्ये नदीपलीकडं आयबिंगेनला तिनं दुसरा मठ सुरू केला. शिवाय दोनशेहून जास्त वनस्पतींचे गुण सांगणारं लिखाण केलं. त्यात मिरी, आलं, जायफळ, लवंग असे आपल्या पूर्वेकडून गेलेले मसालेही आहेत. (तिच्या नावानं हल्ली औषधं विकली जातात, त्यावर डोळे मिटून विश्वास मात्र ठेवू नका.)

आणि मग ११७८ साल उजाडलं.

रूपर्ट्सबर्गच्या आवारात एका सरदाराला पुरलं होतं. हा माणूस कधीकाळी धर्मबहिष्कृत झालेला होता. माइंझच्या धर्माधिकाऱ्यांचा हुकूम आला, हे प्रेत पवित्र भूमीत राहू शकत नाही, उकरून बाहेर टाका. हिल्डेगार्डचं म्हणणं, तो मरण्यापूर्वी पश्चात्ताप करून चर्चमध्ये परत आला होता, त्याला शेवटचे संस्कार मिळाले होते, त्याला रीतसर पुरलंय, मी त्याला हात लावू देणार नाही. अधिकारी ऐकेनात. मग ही ऐंशी वर्षांची बाई काठी टेकत थडग्यापाशी गेली आणि कबर कुठं आहे हे ओळखूच येऊ नये म्हणून तिच्या सगळ्या खुणा तिनं पुसून टाकल्या, असं सांगतात.

यावर शिक्षा आली. मिस्सा बंद. ख्रिस्तप्रसाद बंद. घंटा बंद. गाणं बंद.

इथं हिल्डेगार्डनं काय केलं ते नीट पाहण्यासारखं आहे. तिनं गाण्यावरची बंदी पाळली. मठाचा नियम वरिष्ठांची आज्ञा पाळायला सांगतो, तो तिनं मोडला नाही. पण प्रेत उकरलं नाही. म्हणजे शिक्षा मान्य, पण ज्या कारणासाठी शिक्षा दिली ते मान्य नाही. विचार करा, पन्नास बायका दिवसातून आठ वेळा गायच्या, रात्रीअपरात्री उठून गायच्या, त्यांचं सगळं जगणं त्या सुरांवर टांगलेलं. आता त्याच वेळी त्या उठतात, त्याच जागी उभ्या राहतात आणि बंद दारामागं पुटपुटतात. एका परक्या मेलेल्या माणसासाठी! तो माणूस काही त्यांचा भाऊ नव्हता, बाप नव्हता. खड्डा खणून दिला असता तर दुसऱ्या दिवशी गाणं सुरू झालं असतं. असा हिशेब मठात कुणीच मांडला नसेल का? मांडला असेलही. मला तर त्या तरुण नन्सचे चेहरे दिसतात.

मग हिल्डेगार्डनं माइंझच्या अधिकाऱ्यांना एक पत्र लिहिलं. संगीतावर असं पत्र मी तरी दुसरं वाचलेलं नाही. तिचं म्हणणं साधारण असं. पहिला मानव आदम पाप करण्याआधी देवदूतांच्या सुरात सूर मिसळून गात होता. पापाबरोबर तो आवाज हरवला. पुढं संदेष्ट्यांनी स्तोत्रं रचली, वाद्यं बनवली, ती माणसाला त्या हरवलेल्या आवाजाची आठवण यावी म्हणून. माणसाचा आत्माच मुळी सुरांचा बनलेला आहे, म्हणून गाणं ऐकलं की त्याला हुंदका येतो, त्याला आपलं घर आठवतं. सैतानाला हे सहन होत नाही, म्हणून तो माणसाचं गाणं बंद पाडायला बघतो. (आठवलं ना, नाटकातला न गाणारा सैतान?) तेव्हा चर्चमधलं गाणं थांबवण्याआधी अधिकाऱ्यांनी स्वतःला विचारावं, आपण हे न्यायासाठी करतोय की रागापोटी. पुरेसा विचार न करता जे देवाची स्तुती थांबवतात, त्यांना स्वर्गातल्या गाण्यात जागा मिळणार नाही. ऐंशी वर्षांच्या बाईनं आपल्या वरिष्ठांना हे लिहिलं.

नुसत्या पत्रानं काम झालं नाही, कधी होतं का? ती स्वतः माइंझला गेली, रडून विनवलं, तरी ते बधले नाहीत. कोलोनचे आर्चबिशप तिच्या ओळखीचे, त्यांनी साक्षीदार उभा केला. मृत सरदाराबरोबरच ज्याची माफी झाली होती असा दुसरा सरदार, आणि माफी देणारा धर्मगुरू. बंदी उठली. पण माइंझचे आर्चबिशप ख्रिश्चन तेव्हा इटलीत होते, त्यांच्यापर्यंत वेगळीच माहिती पोचवली गेली आणि बंदी पुन्हा आली. सरकारी कचेरीत फाइलीचं होतं तसंच! तिनं परत लिहिलं, परत पुरावे पाठवले. अखेर मार्च ११७९ मध्ये ख्रिश्चन यांनी बंदी कायमची उठवली. सरदाराची कबर होती तिथंच राहिली. रूपर्ट्सबर्गची घंटा वाजली, दारं उघडली, गाणं सुरू झालं.

त्यानंतर सहा महिन्यांनी, १७ सप्टेंबर ११७९ या दिवशी, हिल्डेगार्ड गेली. एक्क्याऐंशी वर्षांची होऊन, गाण्याच्या आवाजात.

पुढं तिच्या गाण्यांचं काय झालं? तिच्या हयातीतच मठात गाण्यांची वही तयार झाली होती. तिच्या मरणाच्या आसपास तिचं बहुतेक सगळं लेखन एका प्रचंड पुस्तकात उतरवलं गेलं. वजन तब्बल पंधरा किलो! जर्मनीत त्याला महाकाय पुस्तक म्हणूनच ओळखतात. पण ही गाणी तिच्या मठांबाहेर फारशी पसरली नाहीत. १५७० मध्ये पोप पायस पाचवे यांनी मिस्साचं एकच पुस्तक जवळजवळ सगळीकडं लागू केलं, त्यात सीक्वेन्स गाणी फक्त चार उरली. हिल्डेगार्डचं त्यात एकही नाही. १६३२ मध्ये युद्धात स्वीडनच्या सैन्यानं रूपर्ट्सबर्गचा मठ जाळला. नन्स पुस्तकं आणि तिचे अवशेष घेऊन निघाल्या आणि पुढं आयबिंगेनला स्थिरावल्या. १९०३ मध्ये पोप पायस दहावे यांनी चर्चच्या गायकवृंदात बायकांनी नसावं असा नियम काढला. जिथं हिल्डेगार्ड होऊन गेली त्या धर्मात हे व्हावं! पुढं तो नियम हळूहळू सैल झाला. १९६३ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मसभेनं लोकांच्या भाषेत उपासना करायला वाट मोकळी केली, म्हणून तर आज वसईच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा होते आणि त्यात बायका मोकळेपणानं गातात.

त्या महाकाय पुस्तकाचीही एक गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धात ते सुरक्षित राहावं म्हणून ड्रेस्डेनच्या एका बँकेच्या तिजोरीत ठेवलं होतं. बरोबर ‘स्किवियास’ची सुंदर चित्रांची जुनी प्रतही होती. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात शहर बेचिराख झालं, तिजोरी वाचली. पण नंतर चित्रांची प्रत गायब झाली, ती आजतागायत सापडलेली नाही. सुदैवानं आयबिंगेनच्या नन्सनी १९२७ ते १९३३ या काळात तिची हुबेहूब नक्कल हातानं करून ठेवली होती. आज आपण ती चित्रं पाहतो ती या नन्सच्या हातची. महाकाय पुस्तक रशियाच्या ताब्यातल्या भागात अडकलं. ते बाहेर आणलं दोन बायकांनी. बर्लिनच्या अभ्यासक मार्गारेटे क्यून यांनी अभ्यासासाठी म्हणून ते मागून घेतलं, परत करताना दुसरंच पुस्तक पाठवलं. आणि कॅरोलाइन वॉल्श या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीनं ते १९४८ मध्ये पश्चिमेकडं पोचवलं. आता ते वीसबाडेनच्या ग्रंथालयात आहे.

१९८० च्या दशकात इंग्लंड-जर्मनीतल्या गायकांनी तिची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि आठशे वर्षांनी ती जगभर ऐकू आली. संतपद द्यायची चौकशी तेराव्या शतकात सुरू होऊन रेंगाळली होती. ती पुरी झाली २०१२ मध्ये. १० मे रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिला सगळ्या चर्चसाठी संत मानलं आणि ७ ऑक्टोबरला ‘चर्चच्या आचार्य’ ही पदवी दिली. हा मान मिळालेली ती चौथी स्त्री. कागद पुढं सरकायला आठशे वर्षं लागली म्हणायची!

पदव्या मिळाल्या, छान झालं. पण माझ्या मनात राहिले ते ११७८-७९ चे मुके महिने. गाणं हेच जिचं सर्वस्व, तिनं ते पणाला लावलं, आणि तेही स्वतःची बाजू न मांडू शकणाऱ्या एका मेलेल्या माणसासाठी. आपल्याला जे सगळ्यात प्रिय आहे ते कुणी काढून घेतलं, आणि परत मिळवायला एक छोटासा अन्याय तेवढा करायला सांगितला, तर आपण काय करू? मैत्रिणींनो, याचं उत्तर माझ्याकडं तयार नाही. तुम्हीही सवडीनं विचार करा. आणि जमलं तर एखाद्या दुपारी घर शांत असताना हिल्डेगार्डचं गाणं मिळवून ऐका. भाषा कळणार नाही, पण सूर वर चढत जातो ना, तो कळतो.